बंद पडलेल्या वाटांची नोंद: मुलींचे येणे-जाणे न तोडता रस्ता कसा सुधारावा

पोलीस ठाण्यात छेडछाडीची एकही तक्रार नाही, म्हणजे त्या रस्त्यावर त्रास नाही, असा निष्कर्ष आपल्याकडे फार सहज काढला जातो. प्रत्यक्षात अनेकदा तक्रार नसण्याचे कारण इतकेच असते की ज्यांना त्रास होत होता त्या मुलींनी आणि बायकांनी ती वाट कधीच सोडून दिलेली असते. कोणी सायंकाळचा तास बुडवते, कोणी अभ्यासिकेत जाणे थांबवते, कोणी जवळची पाणंद (शेतांमधून जाणारी वाट) टाळून डांबरी रस्त्याने मोठा वळसा घेते, आणि या कशाचीच नोंद कुठल्याही कार्यालयात होत नाही. सातारा जिल्ह्यातील गावांत आणि शहरात महिला बचत गट, महाविद्यालयातील मुली, पालक किंवा एखादे तरुण मंडळ यांना ही नोंद कशी करता येईल आणि तिच्या आधारे रस्ता, एसटी व बंदोबस्त यांत बदल कसा मागता येईल, याची पद्धत पुढे दिली आहे. मुलीचे येणे-जाणे कमी करणे हा उपाय येथे गृहीत धरलेला नाही, कारण तो उपाय नसून त्रास देणाऱ्याला मिळालेले यश आहे.

आधी काय सुटले ते विचारावे

बैठक बोलावून "तुम्हाला कोणी त्रास देते का?" असे विचारले, तर बहुतेक जणी मान हलवून नाही म्हणतील, आणि त्यात त्यांची चूक नाही. चारचौघींत अशा प्रश्नाला हो म्हणणे म्हणजे पुढच्या दहा प्रश्नांना तोंड देणे: कोण होता, तू काय घातले होतेस, एवढ्या उशिरा तिथे काय करत होतीस. त्याऐवजी येण्या-जाण्याबद्दल विचारावे. कोणत्या वाटेने जाता, कोणत्या वेळी जात नाही, कुठे एकटी जात नाही, कोणती गाडी सोडून पुढच्या गाडीची वाट पाहता, आणि गेल्या वर्षी करत होता पण आता करत नाही असे काय आहे. हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. उत्तरे नाव न घालता चिठ्ठ्यांवर लिहून घ्यावीत. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांच्या वतीने दुसऱ्या बाईने लिहावे, गावातल्या पुढाऱ्याने नव्हे.

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाला येणारी उत्तरे ऐकण्यासारखी असतात. पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या मुली येथे बऱ्याच आहेत, आणि सराव बंद करण्यामागे पायाचे दुखणे नसून दुचाकीवरून मागे-मागे येणारी पोरे असू शकतात. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या, याचा अभिमान आपण सगळेच सांगतो. परंतु धावणाऱ्या मुलीला पहाटेचा अंधारा रस्ता निर्धास्तपणे वापरता आला पाहिजे, हे सांगताना आपला आवाज तेवढा चढत नाही. प्रात्यक्षिकाचा तास पाच वाजता संपतो म्हणून विज्ञान शाखाच नको, असे घरात ठरते, आणि कागदावर मात्र "मुलीला आवड नव्हती" एवढेच उरते. हे केवळ आपल्याकडचे नाही. दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थिनींच्या महाविद्यालय-निवडीचा अभ्यास गिरिजा बोरकर या अर्थशास्त्रज्ञ महिलेने केला, तेव्हा सुरक्षित वाटणाऱ्या मार्गासाठी मुली कमी दर्जाचे महाविद्यालय पत्करतात आणि वर्षाला सुमारे 18,800 रुपये जास्त खर्च सोसायलाही तयार असतात, असे दिसून आले.

मग ती वाट चालून पाहावी

चिठ्ठ्यांतून तीन-चार ठिकाणे पुन्हा पुन्हा पुढे येतात. ती ठिकाणे बैठकीत चर्चा करून समजत नाहीत; चालूनच समजतात. बायकांनी गटाने चालत रस्त्याची तपासणी करण्याची ही रीत 1989 मध्ये कॅनडातील टोरांटो शहरात सुरू झाली आणि नंतर अनेक देशांत गेली. तिला फारसे साहित्य लागत नाही. पाच-सहा जणी, एक वही, फोनमधला कॅमेरा आणि ज्यांना ती वाट रोज वापरावी लागते अशा किमान दोघी एवढे पुरे. एकदा दिवसा आणि एकदा नेमक्या अडचणीच्या वेळी, म्हणजे शेवटची गाडी आल्यावर किंवा शिकवणी सुटल्यावर, फेरी काढावी. साताऱ्यात राहणाऱ्यांनी बसस्थानक ते महाविद्यालय, पोवई नाका ते राजवाडा, किंवा औद्योगिक वसाहतीतील पाळी सुटल्यानंतरचा परतीचा रस्ता असा एकच तुकडा निवडावा. संपूर्ण शहर एका फेरीत पाहण्याचा उत्साह वहीतच संपतो.

फेरीत काय पाहायचे? दिवा आहे का, यापेक्षा उजेड पायांपर्यंत पोहोचतो का हे पाहावे, कारण झाडाच्या फांदीत अडकलेला दिवा मोजणीत येतो पण चालणाऱ्या बाईला उपयोगी पडत नाही. एकाच खांबावर फार प्रखर दिवा असेल तर त्याच्या पलीकडचा अंधार अधिक दाट होतो आणि समोर कोण उभा आहे ते दिसत नाही. पदपथावर दुचाकी लावलेल्या असतील तर चालणारीला रस्त्याच्या मधोमध उतरावे लागते आणि कट मारणाऱ्याला आयतीच संधी मिळते. दुकाने किती वाजता बंद होतात, टपरीसमोरचे बाकडे वाटेकडे तोंड करून आहे का, थांब्यावर बायकांना उभे राहण्यास जागा उरते का, स्वच्छतागृह उघडे असते का, आणि त्या वेळी रस्त्यावर इतर बायका किती दिसतात, हेही लिहावे. माझ्या मते यातला शेवटचा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा अधिक सांगून जातो. जिथे भाजीवाली बसते, जिथे आजी नातवाला घेऊन येतात, तिथे कॅमेऱ्याशिवायही रस्ता ठीक असतो. आणि फक्त पुरुषांनी भरलेला चौक कितीही गजबजलेला असला तरी एकटी मुलगी तिथून मान खाली घालूनच जाते.

ग्रामीण भागात ऋतूचाही विचार करावा लागतो. कराड, कोरेगाव, फलटण या पट्ट्यांत उन्हाळ्यात डोळ्यांच्या टप्प्यात असलेली पाणंद पावसाळ्याच्या अखेरीस दोन्ही बाजूंच्या उसाने पूर्ण झाकली जाते, आणि थांब्यापासून वस्तीपर्यंतचे ते अंतर मुलींच्या दृष्टीने वेगळेच होऊन बसते. त्यानंतर तोडणी सुरू झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ आणि कर्कश गाणी यांची भर पडते. म्हणून नोंदीवर तारीख आणि पिकाची स्थिती दोन्ही लिहावीत.

प्रत्येक अडचण ज्याच्या दारात जायची त्याच्या दारात न्यावी

"महिलांच्या सुरक्षेबाबत ठोस उपाययोजना करावी" असे एकच निवेदन जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आमदार आणि खासदार यांना देऊन छायाचित्र काढण्याची प्रथा आहे. असे निवेदन कोणाच्याही टेबलावर थांबत नाही, कारण त्यात कोणाचेच नेमके काम लिहिलेले नसते. त्याऐवजी एका अडचणीचा एक अर्ज करावा. पथदिव्यांचा अर्ज गावात ग्रामपंचायतीकडे आणि शहरात पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे जातो, आणि त्यात खांबांची ठिकाणे छायाचित्रांसह असावीत. गाडीच्या वेळेचा अर्ज एसटीच्या आगार व्यवस्थापकांकडे, आणि तिथे दाद लागली नाही तर विभाग नियंत्रकांकडे जातो. माणसाच्या वागण्याची तक्रार पोलिसांकडेच जाते, पालिकेकडे नव्हे. प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत न्यावी, तिच्यावर आवक क्रमांकासह पोच घ्यावी, आणि महिनाभरात उत्तर आले नाही तर त्या पोचेचा हवाला देऊन स्मरणपत्र द्यावे. तरीही शांतता असेल तर माहितीच्या अधिकाराखाली "अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणती कार्यवाही झाली" एवढेच विचारावे; त्याचे उत्तर सामान्यतः 30 दिवसांच्या आत देणे बंधनकारक आहे.

गावातल्या मागणीसाठी एक फार चांगली जागा कायद्यानेच दिलेली आहे आणि ती बहुधा रिकामी राहते. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणे आवश्यक आहे. अनेक ठिकाणी ती कागदावर, अंगणवाडीतल्या सह्यांपुरती होते. ती खरोखर भरवावी, पाणंदीवरचे दिवे आणि थांब्याची जागा हे विषय ठराव म्हणून लिहून घ्यावेत आणि मुख्य ग्रामसभेत तो ठराव वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा. इतिवृत्तात नोंदलेला ठराव ग्रामसेवकाला सहज बाजूला ठेवता येत नाही.

एसटी, वडाप आणि शेवटची गाडी

17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना तिकिटात निम्मी सवलत मिळू लागली, आणि ग्रामीण भागातील शालेय मुलींसाठी अहिल्याबाई होळकर यांच्या नावाची मोफत पास योजना त्याआधीपासून आहे. पास फुकट असला तरी परतीची गाडी साडेसहाला असेल आणि तास पावणेपाचला सुटत असेल, तर मधला वेळ स्थानकावर काढावा लागतो, आणि मुलींना नकोसे अनुभव येतात ते मुख्यतः याच वेळेत. म्हणून आगाराकडे मागणी करताना "गाड्या वाढवा" असे न म्हणता महाविद्यालयाचे वेळापत्रक, त्या मार्गावरील पासधारक मुलींची संख्या आणि सध्याच्या गाडीची वेळ एका कागदावर मांडावी. प्राचार्यांचे पत्र सोबत जोडले तर वजन पडते. अंधारात उतरावे लागणाऱ्या फाट्याऐवजी उजेडाच्या ठिकाणी, एखाद्या दूध संकलन केंद्रासमोर किंवा घरांजवळ, विनंती थांबा, म्हणजे प्रवाशाने सांगितल्यावर गाडी थांबते अशी जागा, मागता येतो. एसटीला यासाठी नवी गाडी लागत नाही, त्यामुळे ही मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त असते.

गाडीत त्रास झाला तर काय करावे, याबाबत सर्वोच्च न्यायालयाने 30 नोव्हेंबर 2012 रोजी पोलीस उपमहानिरीक्षक विरुद्ध एस. समुथिरम या खटल्याच्या निकालात स्पष्ट निर्देश दिलेले आहेत, आणि ते प्रत्येक मुलीला माहीत असायला हवेत. सार्वजनिक वाहनात छेडछाड झाल्याची तक्रार संबंधित महिलेने केली, तर चालक-वाहकाने गाडी जवळच्या पोलीस ठाण्यात नेऊन तशी खबर द्यायची आहे. तसे न केल्यास वाहनाचा परवाना रद्द होऊ शकतो. बसस्थानकांवर साध्या वेशातील महिला पोलीस नेमावेत, मोक्याच्या जागी कॅमेरे बसवावेत आणि इशाऱ्याचे फलक लावावेत, असेही त्या निकालात म्हटले आहे. वाहकाला हे ठाऊक नसेल तर वाद घालत बसू नये. गाडीचा क्रमांक, वेळ, तिकिटाचा फोटो आणि वाहकाचा बिल्ला क्रमांक लिहून घ्यावा व गाडीतूनच 112 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. वडापात, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी गाडीत, दाटीवाटीने बसवल्यामुळे होणारा स्पर्श मुद्दाम केलेला होता की गर्दीमुळे झाला, हे सिद्ध करण्याचा भार मुलीने आपल्यावर घेऊ नये. मोठ्याने "हात काढा" म्हणणे आणि बाजूच्या बाईला जागा बदलून मागणे हे त्या क्षणापुरते पुरेसे असते.

पोलीस ठाण्यात जाताना

जाण्याआधी घडलेले सगळे त्याच दिवशी लिहून ठेवावे: तारीख, वेळ, ठिकाण, वाहनाचा क्रमांक, कोण कोण होते, आणि उच्चारलेले शब्द जसेच्या तसे. शब्द लिहायला संकोच वाटतो हे खरे आहे, पण "अश्लील बोलला" एवढ्याने जबाब कमकुवत होतो. फोनवर आलेले संदेश आणि छायाचित्रे पुसू नयेत. स्क्रीनशॉट असला तरी मूळ फोनातली नोंद महत्त्वाची ठरते.

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यातील कलम 75 लैंगिक छळाचे आहे: नकोसा स्पर्श किंवा शरीरसंबंधाची मागणी यासाठी तीन वर्षांपर्यंत, तर लैंगिक शेरेबाजीसाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. विनयभंगाच्या हेतूने अंगाला हात घालणे किंवा बळाचा वापर करणे कलम 74 खाली येते आणि त्यात किमान एक वर्ष व कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. मुलीने नकार स्पष्ट केल्यानंतरही पुन्हा पुन्हा पाठलाग करणे, संपर्क साधण्याचा प्रयत्न करणे किंवा तिच्या इंटरनेट वापरावर नजर ठेवणे हा कलम 78 खालचा गुन्हा आहे. तो दुसऱ्यांदा सिद्ध झाल्यास शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. शब्द, हावभाव किंवा कृतीने स्त्रीच्या लज्जेचा अपमान करणे कलम 79 मध्ये येते.

हे चारही गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता पोलिसांना गुन्हा नोंदवून तपास करता येतो. ही एकच गोष्ट नीट लक्षात ठेवली तरी ठाण्यातून रिकाम्या हाताने परतण्याची वेळ टळू शकते, कारण "एनसी करून घेतो, समज देतो" असे सांगून अदखलपात्र नोंदीवर बोळवण होण्याची भीती असते. प्रथम माहिती अहवालच (एफआयआर) हवा, असे शांतपणे सांगावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी खबर द्यायला जवळच्या ठाण्यात जाता येते, या गुन्ह्यांत महिलेची खबर महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते, आणि अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिला तर तीच हकीकत लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवायचे असते, तेही विचारावे.

मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर 2012 चा पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाचा, कायदा लागू होतो. तिला ठाण्यात नेऊन बसवण्याची गरज नाही. तिचा जबाब घरी किंवा तिच्या पसंतीच्या जागी, गणवेशात नसलेल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, आणि तिची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. शाळेला प्रकार कळला असेल तर तो दडपून ठेवण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना नाही. कळवणे बंधनकारक आहे.

निर्भया पथकाला, म्हणजे छेडछाड रोखण्यासाठीच्या पोलीस पथकाला, बोलावताना एक पथ्य पाळावे. तक्रार त्रास देणाऱ्याविरुद्ध असावी, साताऱ्यातल्या 'चार भिंती' या टेकडीवर किंवा कासच्या रस्त्याला एकत्र बसलेल्या मुला-मुलींविरुद्ध नव्हे. छेडछाड आणि मैत्री यांची गल्लत झाली की पथकाची भीती टवाळखोरांऐवजी मुलींनाच वाटू लागते, आणि मग खरा त्रास झाला तरी त्या फोन करत नाहीत. त्याचप्रमाणे पकडलेल्या मुलाला चौकात चोप देण्याचा मोह टाळावा. त्याने गावाचे समाधान होते, पण साक्षीदार आरोपी होतात आणि मुलीचे नाव मात्र गावभर होते.

घरात पहिले वाक्य कोणते

हा भाग मी सर्वांत कठीण मानते. पोलीस, एसटी, पालिका यांच्याशी भांडता येते, पण मुलगी घरीच काही सांगत नसेल तर पुढचे काहीच घडत नाही. ती सांगत नाही, कारण सांगितल्यावर काय होते ते तिने मावसबहिणीच्या बाबतीत पाहिलेले असते: फोन काढून घेतला जातो, कॉलेज बंद होते, आणि काही घरांत स्थळे पाहायला सुरुवात होते. म्हणून ती सांगायला बसली की आई-वडिलांचे पहिले वाक्य "तुझं कॉलेज बंद होणार नाही" हे असावे. कोण, कुठे, का, हे सगळे त्यानंतर. पुढे काय करायचे ते तिला विचारून ठरवावे: तक्रार करायची की काही दिवस सोबत हवी, सोबत हवी तर कोणाची, आणि किती दिवस. भावाला रोज पहारेकरी नेमणे हा सोपा मार्ग दिसतो, पण भावाची परीक्षा असेल त्या दिवशी मुलीचे कॉलेज बुडते. त्यापेक्षा त्याच गाडीने जाणाऱ्या तीन-चार मुलींचा गट टिकाऊ असतो.

येथे आपल्याच जिल्ह्यातील नायगावात 3 जानेवारी 1831 रोजी जन्मलेल्या सावित्रीबाईंचे उदाहरण हमखास दिले जाते. पुण्यात शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल फेकला जाई, म्हणून त्या जास्तीचे लुगडे सोबत नेत. मुलींना हे धैर्य म्हणून सांगितले जाते, आणि ते होतेच. परंतु दुसरे लुगडे वाहून नेण्याचे ओझे फेकणाऱ्यावर नव्हे, त्यांच्यावर पडले होते, हे त्याच दमात सांगितले पाहिजे; अन्यथा "तूही सहन कर" एवढाच त्याचा अर्थ मुलींपर्यंत पोहोचतो.

बघणाऱ्यांनी काय करावे

आपल्यासमोर प्रकार घडत असेल तर त्रास देणाऱ्याशी हुज्जत घालण्याआधी मुलीशी बोलावे. "अगं, आई कशी आहे तुझी?" असे ओळखीचे बोलत शेजारी जाऊन उभे राहिले तरी समोरचा बहुतेक वेळा पांगतो, आणि अंदाज चुकला तरी कोणाचे नुकसान होत नाही. दुकानदाराने दुकानात बसायला जागा द्यावी. प्रकार संपल्यावर निघून न जाता आपला फोन क्रमांक मुलीला द्यावा, कारण पुढे साक्षीदाराची गरज पडते.

पारावर किंवा टपरीवर बसणाऱ्या मुलांशी बोलण्याचे काम त्यांच्यातल्याच, ते ज्याला मान देतात अशा व्यक्तीने करावे: तालमीचा वस्ताद, क्रिकेट संघाचा कप्तान, गणेश मंडळाचा अध्यक्ष. व्याख्यान नको. चिठ्ठ्यांतली नावाविना चार वाक्ये वाचून दाखवावीत. आपण टवाळी समजत होतो त्यामुळे एका मुलीने भरतीचा सराव सोडला, हे काहींना खरोखर माहीत नसते. ज्यांना माहीत असूनही फरक पडत नाही, त्यांच्यासाठी वरची कलमे आहेत.

फेरतपासणी

अर्ज दिल्यानंतर सहा महिन्यांनी तीच फेरी, त्याच वेळी, पुन्हा काढावी आणि चिठ्ठ्यांचा तो शेवटचा प्रश्न उलटा करून विचारावा: सोडलेले काय पुन्हा सुरू झाले? दिवे किती लागले, यावर समाधान मानू नये. संध्याकाळी सातच्या सुमारास थांब्यावर, अभ्यासिकेत आणि पाणंदीवर किती बायका-मुली दिसतात ते मोजून वहीत लिहावे. उसाच्या पट्ट्यात ही मोजणी मार्चमध्ये करून काम झाल्याचे जाहीर करू नये, कारण तोडणीनंतर पाणंद आपोआपच मोकळी दिसू लागते. खरी मोजणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, ऊस डोक्यावर गेल्यावर करावी.